कट केलेल्या कॉलचं पुढं काय होतं?

जालना जिल्ह्यातल्या अंबड किंवा घनसावंगी तालुक्यात मोसंबीच्या बागेला पाणी द्यायचं तर शेतकरी आधी लाईटची पाळी बघतो. शेतीच्या फिडरला काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की पूर्वी माणूस बॅटरी घेऊन विहिरीकडं निघायचा. अंधार, चिखल, साप-विंचवाची भीती, आणि एवढं करून पोचेपर्यंत लाईट पुन्हा गेलेली. आता कितीतरी विहिरींवर स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड बसलेलं असतं. घरच्या ओट्यावर बसून त्या नंबराला मिसकॉल द्यायचा. पेटी नंबर ओळखते, फोन घेत नाही आणि मोटर चालू करते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं, मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारं उपकरण तयार केलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आज अशा पेट्या वेगवेगळ्या बनावटीच्या मिळतात.

इथं लावलेला फोन कुणी उचलावा म्हणून लावलेलाच नसतो. मराठवाड्यात अशा फोनांवर बरंच काही चालतं. ऊसतोडीला निघालेल्या पोराला आई सांगते, “पोचला की मिसकॉल मार.” दूध घ्यायला आलेली गाडी फाट्यावरून मिसकॉल देते. कॉलेजातला मुलगा बापाला मिसकॉल देतो आणि बाप उलट फोन लावतो. एक शब्दही न बोलता निरोप पोचतो, कारण हिरवं बटण आणि लाल बटण यांच्यामधल्या चार-पाच सेकंदांत जे घडतं तेवढंच पुरेसं असतं.

त्या चार-पाच सेकंदांचंच मला विलक्षण कुतूहल आहे. फोन कसा जोडला जातो यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण जोडला जाण्याआधीच जो फोन मागं घेतला, त्याचं काय होतं? लाल बटण दाबलं की आपल्यापुरतं प्रकरण मिटतं. पलीकडं मात्र एक घंटी वाजत असते, वाटेतल्या पाच-सात यंत्रांनी त्या कॉलची नोंद उघडून ठेवलेली असते, टॉवरनं आवाजासाठी जागा राखलेली असते. हे सगळं आवरावं लागतं, आणि तेही क्रमानं. ज्यांनी इंटरनेटवरच्या कॉलचे नियम लिहिले, त्यांनी या आवराआवरीचा जितका बारकाईनं विचार केला, तितका क्वचितच कुणी न झालेल्या गोष्टीचा केला असेल.

‘इंटरनेटवरचा कॉल’ म्हटलं की आपल्याला व्हॉट्सअॅप आठवतं. पण जालन्यातल्या साध्या फोनचा साधा कॉलही आता बहुतेकदा तसाच जातो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली. त्या जाळ्यात आवाजासाठी जुन्या पद्धतीचा वेगळा रस्ताच नव्हता. फोर-जी म्हणजे मुळात डेटाचं जाळं, त्यामुळं बोलणंसुद्धा डेटाच्या पाकिटांतूनच न्यावं लागतं. या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. इतर कंपन्याही मग त्याच वाटेनं आल्या. मंठ्याच्या बाजारात उभं राहून परतूरला फोन लावणारा माणूस आज नकळत एक इंटरनेट-नियमावली वापरत असतो. तिचं नाव सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, थोडक्यात सिप.

सिपचा जन्म शेतासाठी, बाजारासाठी, फार काय, टेलिफोन कंपन्यांसाठीही झालेला नाही. १९९६ च्या सुमाराला मार्क हँडली, ईव्ह स्कूलर आणि हेनिंग शुल्झरिन हे संशोधक एका साध्या प्रश्नाशी झटत होते. इंटरनेटवर एखादं व्याख्यान किंवा चर्चासत्र चालू असेल, तर दूरच्या माणसाला त्यात बोलवायचं कसं? त्यांच्या दोन वेगवेगळ्या आराखड्यांचं मिळून एक झालं. मार्च १९९९ मध्ये ते इंटरनेटच्या नियमांच्या ‘आरएफसी’ नावाच्या दस्तऐवजमालेत आरएफसी २५४३ या क्रमांकानं प्रसिद्ध झालं. जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ ही सुधारलेली नियमावली आली, २६९ पानांची. दरम्यान मोबाइलच्या जगाचे मापदंड ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी संस्थेनं पुढच्या पिढीच्या फोनसाठी हीच भाषा निवडली होती. विद्वानांना चर्चासत्राला बोलवण्यासाठी रचलेली पद्धत अशी भोकरदनच्या फोनपर्यंत पोचली.

आता ते चार-पाच सेकंद संथपणे बघू.

हिरवं बटण दाबलं की आपला फोन एक निरोप लिहितो. खरोखरच लिहितो. सिपचे निरोप साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत असतात: कुणाकडून, कुणाला, या कॉलचा ओळखक्रमांक काय, कुठल्या प्रकारचा आवाज मला समजतो. या पहिल्या निरोपाला इनव्हाइट म्हणतात. तो आपल्या कंपनीच्या सर्व्हरकडं जातो. सर्व्हर लगेच ‘१०० ट्राइंग’ असं कळवतो, म्हणजे मिळाला, पुढं पाठवतोय. मग तो एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडं, गरज पडली तर दुसऱ्या कंपनीकडं, असं करत पलीकडच्या फोनपर्यंत जातो. तिथं घंटी वाजू लागली की उलट वाटेनं ‘१८० रिंगिंग’ येतं. व्होल्टीत सहसा याआधीच दोन्हीकडच्या टॉवरवर आवाजासाठी खास मार्ग राखला जातो, म्हणजे माणूस फोन उचलेल तेव्हा पहिला “हॅलो” तुटक येऊ नये. पलीकडच्यानं उचललं की ‘२०० ओके’. आपला फोन त्याला ‘अॅक’ म्हणून पोच देतो, आणि बोलणं सुरू.

क्रमांकांतही व्यवस्था आहे. शंभरीतली उत्तरं म्हणजे काम चालू आहे. दोनशे किंवा त्यापुढची उत्तरं म्हणजे निकाल लागला. १८० आणि २०० यांच्यामध्ये जो काळ जातो तो अर्धवट कॉलचा काळ. आपली कॉलर ट्यून याच काळात वाजते. मार्च २०२० मध्ये खोकल्याच्या आवाजानं सुरू होणारी ती करोनाची सूचना याच काळात कानावर पडायची. कॉल झालेला नसतो, तरी आवाज येत असतो. नियमांच्या भाषेत ही अवस्था बरीच नाजूक आहे: दोन टोकांची ओळख पटत आलेली आहे पण नातं अजून जुळलेलं नाही.

जुन्या टेलिफोन जाळ्यांत हा भेद फारसा नव्हता. एक्सचेंज एकमेकांशी ज्या भाषेत बोलत, त्यात सोडून देण्याचा ‘रिलीज’ हा एकच निरोप होता. घंटी वाजत असताना सोडा किंवा तासभर बोलून सोडा, निरोप तोच. ते चालायचंही, कारण प्रत्येक कॉलसाठी एक ठरावीक वाट अडवलेली असायची. वाट सोडली की कॉल संपला. सिपमध्ये अशी अडवलेली वाट नसते. एकाच इनव्हाइटच्या वाटेत फाटे फुटू शकतात. एका नंबराला पाठवलेला निरोप सर्व्हर एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवतो आणि तीनही फोन वाजू लागतात. मग आपण नेमकं कुणाचा निरोप घ्यायचा? ज्याच्याशी बोलणंच सुरू झालं नाही, तो एक आहे की तीन हेही जिथं कळलेलं नाही, तिथं ‘येतो’ म्हणण्याला अर्थ नाही. म्हणून सिपमध्ये दोन वेगळे निरोप आहेत. झालेलं बोलणं संपवायचं असेल तर ‘बाय’. न झालेलं बोलावणं मागं घ्यायचं असेल तर ‘कॅन्सल’.

यातला एक बारीक नियम मला फार आवडतो. अर्धवट अवस्थेत फोन लावणाऱ्याला एखाद्या फाट्यापुरतं ‘बाय’ म्हणण्याची मुभा आहे. ज्याच्याकडं घंटी वाजतेय त्याला मात्र ती नाही. त्याला नको असेल तर त्यानं बोलावण्याचंच उत्तर द्यायचं, ‘४८६’ म्हणजे कामात आहे किंवा ‘६०३’ म्हणजे नाही घ्यायचा. पाहुण्याला आणि यजमानाला दोन वेगळे शिष्टाचार. बोलावणाऱ्यानं बोलावणं मागं घ्यावं, बोलावलेल्यानं उत्तर द्यावं. कुणीही नुसतं गप्प बसू नये.

लाल बटणाकडं वळू. सर्वांत पहिला नियम थक्क करणारा आहे: कॅन्सल लगेच पाठवायचंच नाही. पलीकडून निदान एक तरी शंभरीतलं उत्तर आल्याशिवाय कॅन्सल पाठवायला मनाई आहे. आपण बटण दाबलं, पडद्यावरून नंबर गेला, तरी फोन आतल्या आत थांबून राहतो. का? कारण इंटरनेटवर पाकिटं क्रमानं पोचतीलच असं नाही. शेतावर एका पोराला निरोप देऊन धाडलं, ‘आज कापूस वेचायला या’. पाठोपाठ दुसऱ्याला पळवलं, ‘नको, येऊ नका’. दुसरा आडवाटेनं गेला आणि आधी पोचला, तर शेतावरची माणसं म्हणतील, कसलं नको, आम्हाला कुणी बोलावलंच नाही. मग मागून पहिला येईल आणि सगळे कापूस वेचायला निघतील. कॅन्सलचं अगदी असंच होऊ शकतं. इनव्हाइटच्या आधी ते पोचलं तर त्याला ‘४८१’ मिळतं, म्हणजे असा कुठलाही व्यवहार माझ्याकडं नाही. आणि मग उशिरा आलेलं इनव्हाइट कुणी रद्द न केलेलं म्हणून घंटी वाजवत राहतं. पहिला निरोप पोचल्याची खूण मिळाल्यावरच दुसरा पाठवायचा, हा त्यावरचा उपाय.

दुसरा नियम ओळखीचा. कोट्यवधी कॉल चालू असताना हे कॅन्सल नेमकं कुठल्या इनव्हाइटचं? म्हणून कॅन्सलवर मूळ निरोपातला पत्ता, कॉलचा ओळखक्रमांक, कुणाकडून-कुणाला या खुणा आणि अनुक्रमांक हे सगळं जसंच्या तसं उतरवावं लागतं. शिवाय प्रत्येक टप्प्यावर एक फाट्याची खूण असते. २००२ च्या नियमावलीनुसार ती झेड-नाइन-एच-जी-फोर-बी-के या सात अक्षरांनीच सुरू झाली पाहिजे. या सात अक्षरांना स्वतःचा काहीच अर्थ नाही. जुन्या १९९९ च्या पद्धतीनं लिहिलेली यंत्रं अशी अक्षरं चुकूनही तयार करणार नाहीत, एवढ्यासाठीच ती निवडली आहेत. ती दिसली की यंत्र ओळखतं, हा नव्या रीतीचा माणूस आहे, याची खूण विश्वासानं धरता येईल. जालन्यातून निघणाऱ्या व्होल्टी कॉलच्या पोटात ही सात अक्षरं असतात.

तिसरा नियम वाटेचा. कॅन्सल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जात नाही. ते टप्प्याटप्प्यानं जातं. आपला फोन पहिल्या सर्व्हरला कॅन्सल देतो. सर्व्हर पुढच्याची वाट न बघता तिथल्या तिथं ‘२०० ओके’ म्हणतो, म्हणजे तुझं सांगणं माझ्यापर्यंत आलं, आणि स्वतःचं नवं कॅन्सल तयार करून पुढच्याला देतो. पुढचाही तसंच करतो. जबाबदारी हातोहात सोपवली जाते. यात ‘ओके’चा अर्थ ‘कॉल रद्द झाला’ असा नाही, ‘रद्द करायला सांगितलंस हे ऐकलं’ एवढाच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात या रचनेचं शहाणपण आहे.

प्रत्यक्ष रद्द झाल्याचा दाखला वेगळा येतो. पलीकडच्या फोनला कॅन्सल मिळालं की त्यानं घंटी थांबवायची आणि दोन उत्तरं द्यायची. एक कॅन्सलला, ‘२०० ओके’. दुसरं मूळ इनव्हाइटला, ‘४८७ रिक्वेस्ट टर्मिनेटेड’. म्हणजे तुझं पहिलं बोलावणं माझ्याकडं होतं, ते मी संपवलं. हे ४८७ त्याच वाटेनं मागं येतं. वाटेतल्या प्रत्येक यंत्राला ते बघून आपली नोंद बंद करता येते, राखलेली जागा सोडता येते. आपला फोन या ४८७ लाही अॅक देतो. जो कॉल झालाच नाही त्याच्या अखेरीलाही पोच मिळते.

१९९९ च्या नियमावलीत हे ४८७ पाठवण्याचं बंधन नव्हतं. रद्द झालेला फोन गप्प बसला तरी चालायचं. मग बोलावणाऱ्याला कळायचं कसं, की पलीकडं घंटी थांबली की निरोपच वाटेत हरवला? तीन वर्षांच्या अनुभवानंतर २००२ च्या नियमावलीत हे उत्तर द्यावं असं स्पष्टपणे सांगितलं गेलं. पण जुनी यंत्रं तेव्हाही वापरात होती, त्यांना एकदम बाहेर काढता येणार नव्हतं. म्हणून सोबत आणखी एक तरतूद आली: ४८७ आलंच नाही तर साधारण ३२ सेकंद थांबा आणि मग कॉल रद्द झाला असं समजून नोंद पुसा. हा आकडा हवेतला नाही. निरोपाच्या एका फेरीला अर्धा सेकंद लागेल असं धरलं आहे, त्याची ६४ पट म्हणजे ३२. कॅन्सल हरवलं तरी ते अर्ध्या सेकंदानं पुन्हा जातं, मग एका सेकंदानं, मग दोन, मग दर चार सेकंदांनी, उत्तर मिळेपर्यंत किंवा ३२ सेकंद सरेपर्यंत. रेंज येत-जात असलेल्या शिवारात फोन कट केल्यावरही पलीकडं घंटी दोन-चार सेकंद वाजत राहते, त्याचं कारण अशा हरवलेल्या, पुन्हा पाठवलेल्या निरोपांत असू शकतं.

आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं. खरी गंमत टक्करीत आहे.

समजा बदनापूरहून मुलानं आईला फोन लावला. घंटी वाजतेय, वाजतेय. आई चुलीपाशी, फोन खुंटीवरच्या पिशवीत. मुलगा कंटाळून लाल बटण दाबतो आणि त्याच क्षणी आई हिरवं बटण दाबते. इकडून कॅन्सल निघालं, तिकडून ‘२०० ओके’ निघालं. दोघं वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. आता खरं काय? मुलाच्या मते कॉल रद्द झाला. आईच्या मते कॉल लागला. ती “हॅलो, हॅलो” म्हणतेय.

सिपचं उत्तर स्पष्ट आहे: निकाल लागलेल्या गोष्टीला कॅन्सल लागू पडत नाही. आईच्या फोननं ओके म्हणून टाकलंय, तेव्हा मागून आलेल्या कॅन्सलला तो सभ्यपणे उत्तर देतो आणि ते बाजूला ठेवतो. इकडं मुलाच्या फोनला, रद्द करायला सांगितल्यावरही, ‘२०० ओके’ मिळतं. त्याला ते नाकारता येत नाही. त्यानं आधी अॅक द्यायचा, म्हणजे हो, कॉल लागला हे मान्य. आणि मग लगेच ‘बाय’. अॅक न देता निघून गेला तर आईचा फोन आपलं ओके पुन्हा पुन्हा पाठवत राहील. म्हणून कॉल क्षणभर रीतसर जोडला जातो आणि रीतसर तोडला जातो. आपण ज्याला ‘उचलला अन् कट झाला’ म्हणतो, त्या शून्य सेकंदाच्या कॉलमागं हेच असू शकतं.

ही टक्कर पूर्णपणे टाळता येत नाही. दोन ठिकाणची माणसं हरवू शकणाऱ्या निरोपांनी एकाच गोष्टीवर शंभर टक्के खात्रीनं एकमत करू शकत नाहीत, हे १९७० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. पोच दिली तर पोच पोचली का, त्याची पोच दिली तर ती पोचली का, हा प्रश्न कधीच संपत नाही. म्हणून सिपच्या कर्त्यांनी टक्कर होणारच नाही असं आश्वासन दिलं नाही. टक्कर झाली तर दोघांनी काय करायचं, हे मात्र त्यांनी लिहून ठेवलं. पुढं अशा टकरींचे इतके प्रकार सापडले, की डिसेंबर २००८ मध्ये आरएफसी ५४०७ नावाचा एक स्वतंत्र दस्तऐवज निघाला, त्यात निरोप कुठं एकमेकांना ओलांडतात आणि मग कुणी काय करायचं याच्या आकृत्याच आकृत्या आहेत. मुख्यतः जपानी अभियंत्यांनी केलेलं हे काम. चुलीपाशी असलेल्या आईचा आणि कंटाळलेल्या मुलाचा तो एक क्षण जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी इतक्या तळमळीनं सोडवत बसलं होतं.

फाट्यांचं राहिलं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लोखंडाच्या कारखान्यात नाहीतर बियाण्यांच्या कंपनीत एकाच नंबरावर तीन टेबलांवरचे फोन वाजतात. एकानं उचलला की बाकीचे दोन चटकन गप्प होतात. ते गप्प होणं म्हणजे कॅन्सलच. फक्त ते फोन लावणाऱ्यानं पाठवलेलं नसतं, फाटा फोडणाऱ्या सर्व्हरनं पाठवलेलं असतं. पण यात एक पेच आहे. त्या दोन फोनांना वाटेल, कुणीतरी फोन केला होता आणि आपण घेतला नाही. पडद्यावर लाल अक्षरांत मिसकॉल दिसेल, दोन माणसं उगाच उलट फोन लावत बसतील. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३३२६ नं कॅन्सलसोबत कारण लिहिण्याची सोय केली. दुसरीकडं उचलला गेला, एवढं कारण त्यात असलं की फोन मिसकॉलची नोंद करत नाही. कुणाची चुकामूक झाली आणि कुणाची नाही, हे यंत्राला सांगावं लागतं.

मिसकॉलवर चालणाऱ्या स्टार्टरच्या पेटीकडं परत येतो, कारण तिथं आणखी एक आश्चर्य आहे. शेतकऱ्याचा फोन व्होल्टीचा, म्हणजे सिप बोलणारा. विहिरीवरच्या कितीतरी पेट्यांत मात्र जुन्या टू-जीचं यंत्र असतं, त्याला सिप कळत नाही. दोघांच्या मध्ये एक दुभाषी यंत्र उभं असतं. शेतकऱ्यानं लाल बटण दाबलं की सिपचं कॅन्सल त्या यंत्रापाशी येतं, आणि जिथं जोडणी जुन्या पद्धतीची आहे तिथं ते ‘रिलीज’ बनून पुढं जातं. कुठला सिप निरोप जुन्या भाषेत काय होतो याचा तक्ताही २००२ मध्ये, आरएफसी ३३९८ मध्ये, छापला गेला. उलटही होतं. पेटीनंच नंबर बघून कॉल तोडला तर तिचा जुन्या भाषेतला नकार सिपच्या एखाद्या क्रमांकात बदलून शेतकऱ्याच्या फोनवर येतो. पण पेटीला नंबर कळायला तिच्यापर्यंत बोलावणं पोचावं लागतं. कानाला घंटी ऐकू येण्याआधीच लाल बटण दाबलं तर वाटेतच सगळं रद्द होतं आणि मोटर जागची हलत नाही. मिसकॉल कामाचा व्हायचा तर तो आधी पोचलाच पाहिजे.

एवढ्या काळजीनं आवरल्या जाणाऱ्या या अर्धवट कॉलवरून भारतात एकदा मोठी लढाई झाली. तिच्यात पैसा होता. मे २००३ पासून आपल्याकडं येणारा कॉल फुकट झाला आणि बोलण्याचे पैसे फक्त लावणाऱ्याकडं गेले. मिसकॉलला बळ आलं ते यातूनच: लावणाऱ्यालाही न उचललेल्या कॉलचे पैसे पडत नाहीत. कंपन्यांमध्येही असाच हिशेब होता. ज्या कंपनीचा ग्राहक फोन लावतो तिनं पलीकडच्या कंपनीला मिनिटाला ठरावीक पैसे द्यायचे. आधी १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे. यात घंटी किती वेळ वाजते याला किंमत आली. घंटी लवकर थांबली तर कॉल मिसकॉल व्हायचा, पलीकडचा माणूस उलट फोन लावायचा, आणि पैसे देण्याची पाळी त्याच्या कंपनीवर जायची.

२०१९ मध्ये जिओनं आपल्या जाळ्यातून लावलेल्या कॉलची घंटी २० सेकंदांवर आणली, नंतर २५ वर नेली. एअरटेलनं ट्रायकडं म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडं तक्रार केली आणि मग स्वतःही घंटी २५ सेकंदांवर आणली. व्होडाफोन आयडियानंही तेच केलं. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर हे सगळं एका कॅन्सलच्या वेळेवरून चाललेलं भांडण होतं: ते निघण्याआधी किती सेकंद थांबायचं? सिपच्या कर्त्यांनी मधल्या सर्व्हरला किमान तीन मिनिटांहून जास्त वाट बघायला सांगितलं होतं. त्यांच्या मनात घंटी ऐकून जागेवरून उठणारा, चालत येणारा माणूस होता. कंपन्यांच्या हिशेबात त्या माणसाला पाच सेकंद कमी-जास्त झाले.

मला ट्रायचा त्या वेळचा निर्णय मनापासून योग्य वाटतो. १ नोव्हेंबर २०१९ ला प्राधिकरणानं नियम केला: उचलला नाही किंवा नाकारला नाही तर मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजलीच पाहिजे, लँडलाइनची ६० सेकंद. कंपन्यांमधली ती ६ पैशांची देवाणघेवाणही १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली, आणि घंटी लवकर तोडण्यात कुणाचा फायदा उरला नाही.

पण या नियमानं बांधल्या गेल्या त्या फक्त कंपन्या. लाल बटण आपल्याच हातात राहिलं. गावाकडं फोन लावताना एवढं लक्षात असू द्या: ज्यांना आपण फोन लावतो त्यांचा फोन बहुतेकदा हातात नसतो. तो खुंटीवर असतो, बाजेवर असतो, चार्जिंगला लावून आतल्या खोलीत असतो, आणि म्हातारं माणूस पाय ओढत त्याच्याकडं येत असतं. दहाव्या सेकंदाला तोडू नका. मोबाइलला ३० आणि लँडलाइनला ६० सेकंद नियमानं तुमचेच आहेत, ते पुरते वाजू द्या.